कॉम्प्युटरची डिग्री नाही पण रोटेशनल प्रोग्रॅमला अप्लाय करायचंय, मग ही तयारी

बीकॉम केलंय, आयटीआय केलंय, किंवा मुक्त विद्यापीठातून डिग्री करता करता सातपूरला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करताय आणि रात्री घरी बसून कोडिंग शिकताय, अशा नाशिकच्या पोरापोरींसाठी लिहितेय. मोठ्या टेक कंपन्या कॉम्प्युटर न शिकलेल्यांना इंजिनिअर म्हणून घ्यायला वेगळे प्रोग्रॅम काढतात हेच आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मायक्रोसॉफ्टचं लीप २०१५ ला सुरू झालं, १६ आठवड्यांचं, लिंक्डइनचं रीच २०१७ चं, आणि फेसबुकचा (आताची मेटा) रोटेशनल प्रोग्रॅम वर्षभराचा होता, त्यात टीम बदलत काम करायचं.

पहिलं म्हणजे भरती आत्ता चालू आहे का ते कंपनीच्या करिअर पेजवर स्वतः जाऊन बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजवर जाऊ नका, या बॅचेस कधी निघतात कधी निघतच नाहीत. जागा कुठल्या देशातली आहे तेही वाचा, बाहेरची असेल तर तिथे काम करायची परवानगी बहुतेक आधीच लागते, म्हणून भारतातल्या जागा आधी धरा. गूगलची इथली सॉफ्टवेअरची अप्रेंटिसशिप असते, झोहो तर बारावी आणि डिप्लोमावाल्यांना स्टायपेंड देऊन शिकवते. कोणी डिपॉझिट भरा, नोकरीला लावतो म्हणालं तर सरळ उठून या.

डीएसए, म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम, इंटरव्ह्यूला लागतंच. ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, ट्री एवढं पक्कं करा, सोडवताना तोंडाने बोलत सोडवा, आधी मराठीत बोललात तरी चालेल, इंग्रजी नंतर जमतं.

पण सगळे तेवढ्यावरच थांबतात आणि मला तेच पटत नाही. रोटेशन म्हणजे काय, दर काही महिन्यांनी अनोळखी टीम आणि अनोळखी कोड, मग दुसऱ्याचा कोड वाचायची सवय नको का? गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून मध्यम आकाराचा एखादा ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, प्रोजेक्ट घ्या आणि आपल्या लॅपटॉपवर चालवून दाखवा, पहिल्या झटक्यात चालणार नाही, कुठलं तरी व्हर्जन जुळणार नाही, एरर पूर्ण वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत. चालला की एक बटण पकडा आणि ते दाबल्यावर कुठल्या फाइलमधलं कुठलं फंक्शन कोणाला बोलावतं ते वहीत बाण काढून लिहा, मग गिट ब्लेम ही ओळीचा इतिहास दाखवणारी कमांड लावून ती ओळ कोणी कधी का बदलली ते बघा. हे झालं की एखादा छोटा बग उचला आणि पुल रिक्वेस्ट टाका, म्हणजे तुमचा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती. रिव्ह्यूत कोणी चुका काढल्या तर मनाला लावून घेऊ नका, नोकरीत रोज तेच असतं.

स्वतःचा प्रोजेक्ट एकच करा पण तुमच्या कामातला. टू-डू लिस्ट सगळ्यांकडे असते. अंबडच्या सीएनसी शॉपमध्ये असाल तर इन्सर्टचा, म्हणजे मशीनच्या टूलला लावायच्या कापणाऱ्या तुकड्यांचा, स्टॉक घ्या, कुठल्या मशीनला कधी बदललं, किती उरले. आता दोन ऑपरेटरनी एकाच वेळी शेवटचा इन्सर्ट काढला अशी एंट्री केली की स्टॉक मायनसमध्ये जातो, तो प्रॉब्लेम कसा सोडवलात, डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतील नाहीतर एकही नाही) का लावलं, हे इंटरव्ह्यूत सांगता आलं तर समोरचा ऐकतो हो, कारण ते पाठ केलेलं नसतं. रीडमी, म्हणजे प्रोजेक्ट काय आहे आणि कसा चालवायचा ते सांगणारी फाइल, नीट लिहा.

अर्जात बहुतेक निबंध असतो, आधी काय करत होतात आणि इकडे का वळलात. पॅशन वगैरे लिहू नका. शिफ्टमध्ये काय बघितलंत, काय खटकलं, त्यावर काय बनवलंत ते साध्या भाषेत लिहा, आणि जुनी नोकरी लपवू नका, हे प्रोग्रॅम तुमच्यासारख्यांसाठीच काढलेत.

घरच्यांशी पैशाचं आधीच बोला, स्टायपेंड आताच्या पगारापेक्षा कमी असू शकतो आणि बंगळूर-हैदराबादला रूमचं डिपॉझिट एकदम भरावं लागतं, शिवाय प्रोग्रॅम संपल्यावर कायम करतीलच असं नाही, हेही आईवडिलांना माहीत असू दे. आताच्या कंपनीचा नोटीस पिरियड बघून ठेवा. आणि कागदपत्रं, आधार, पॅन, मार्कशीट सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, वडिलांचं नाव एकीकडे आणि आडनावच गायब एकीकडे असं असेल तर दुरुस्तीला वेळ जातो, अर्ज भरायच्या आधीच ते करून घ्या.