बोटीमागची हवेची ट्यूब : ने-आण करताना आणि ठेवताना या चुका टाळा

बोटीच्या मागे दोराने ओढायची ट्यूब पाण्यावर थोडा वेळ धावते. बाकीचा सगळा वेळ ती कुठेतरी पडून असते. कधी डेकवर उन्हात, कधी पिकअपच्या हौद्यात, तर कधी पत्र्याच्या शेडमध्ये. तिचं वाटोळं होतं ते याच वेळात. मुलं बसलेली असताना शिवण उसवली की लोक कंपनीला शिव्या घालतात, पण ती शिवण त्याआधी कित्येक दिवस तापून, घासून कमकुवत झालेली असते.

आपल्या खानदेशात हे जास्तच जपावं लागतं. ट्यूबसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात ‘थंड, कोरड्या जागी ठेवा’ एवढी एक ओळ असते. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना थंड जागा म्हणजे कुठली, हे त्यात नसतं. ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

रचना आधी लक्षात घ्या. बाहेर जाड नायलॉनचं कव्हर, आत पीव्हीसीचा फुगा, म्हणजे ब्लॅडर. हवा ब्लॅडर धरतो, ताण कव्हर घेतं. दोर जोडायचा पट्टाही कव्हरलाच शिवलेला असतो. त्यामुळे दोघांची दुखणी वेगळी आणि उपायही वेगळे.

टणक भरलेली ट्यूब उन्हात सोडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सकाळी २७ अंशाला ट्यूबमध्ये १.५ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड, हवेच्या दाबाचं माप) दाब भरला, असं धरा. दुपारी डेकवर काळ्या-निळ्या कव्हरखाली आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर तोच दाब सव्वातीनच्या आसपास जातो. दुपटीहून जास्त, तेही पंप न लावता. कव्हर थोडं ताणतं म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा खाली राहील, पण ते ताणणं शिवणीच्याच जिवावर असतं. आधी झिपच्या कडेचे टाके उसवतात, मग ब्लॅडर त्या फटीतून फुगा काढतो, आणि फुटतो तो तिथेच.

याचीच उलटी बाजू जास्त फसवी आहे. दुपारी ४२ अंशाच्या हवेत ट्यूब नीट भरली आणि पाण्यात टाकली. पाणी असतं २७-२८ अंश. आतली हवा थंड होते आणि दाब जवळपास निम्म्यावर येतो. ट्यूब मऊ लागते. मग काठावरून कोणीतरी सांगतं, “हवा कमी शे, आखो भर.” भरली जाते. अर्ध्या तासाने तीच ट्यूब वर ओढून तापलेल्या खडीवर ठेवली की काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ट्यूब साधारण भरा, पाण्यात पाचेक मिनिटं राहू द्या, मग लागेल तेवढी हवा वाढवा. पाण्याबाहेर काढली की लगेच थोडी हवा सोडा, कव्हरवर सुरकुत्या दिसेपर्यंत. जेवणाची सुट्टी असेल तर पूर्ण सोडली तरी चालेल, पुन्हा भरायला चांगल्या पंपाला फार वेळ लागत नाही. हवा बरोबर आहे का, हे पाहायला मीटर लागत नाही. कव्हरवर सुरकुती नको, आणि मोठा माणूस वर उभा राहिला तर पाय इंच-दोन इंचच दबायला हवा.

हवा कमी ठेवून ओढणंही तितकंच वाईट. मऊ ट्यूब पाणी कापत नाही, पाण्यात रुतते. मग सगळा ओढा दोराच्या पट्ट्यावर येतो.

पंक्चरच्या दुकानात हवा भरून घेणं

धरणावर वीज नाही, म्हणून हायवेवरच्या दुकानात ट्यूब फुगवून घेतात आणि पिकअपमध्ये टाकून निघतात. यात दोन चुका एकदम होतात.

पहिली कॉम्प्रेसरची. तो ट्रकच्या टायरसाठी असतो आणि त्याच्या टाकीत शंभर पीएसआयच्या वरचा दाब असतो. आपल्या ट्यूबला एक-दोन पीएसआय लागतो. नळी दोन क्षण जास्त धरली की ब्लॅडरची शिवण गेली, आणि आवाजात दुकानदारालाही कळत नाही. ट्यूबला हवा भरपूर हवी, पण दाब कमी हवा. त्यासाठी १२ व्होल्टचा ब्लोअर किंवा मोठा हातपंप घ्या. ब्लोअर गाडीच्या किंवा बोटीच्या बॅटरीवर चालतो. फक्त पेट्रोलचा कॅन ठेवलेल्या बंद कप्प्यात तो कधीही चालवू नका. तिथे पेट्रोलची वाफ साठलेली असते आणि मोटरच्या एका ठिणगीने आग लागू शकते.

दुसरी चूक रस्त्यावरची. भरलेली ट्यूब म्हणजे मोठं, हलकं शीड. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर धुळ्याकडून नवापूरकडे जाताना समोरून ट्रेलर झपकन गेला की हौद्यातली ट्यूब उभी राहते. एका दोरीने बांधलेली असेल तर दोरी हँडल उपटते आणि ट्यूब मागून येणाऱ्या मोटारसायकलवर जाऊन पडते. यात गंमत काहीच नाही, यात माणूस जातो. बोट ट्रेलरवर असेल तेव्हा बोटीत मोकळी टाकलेली ट्यूबही अशीच उडते. रस्त्यावर ट्यूब न्यायची ती हवा काढून, गुंडाळून, पिशवीत घालून आणि खाली तळाशी ठेवून. वर हलकं सामान, त्यावर जाळी किंवा ताडपत्री.

शहाद्याहून तोरणमाळच्या यशवंत तलावाकडे हवा भरलेलं काहीही नेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. घाटाने हजारेक मीटर चढलं की बाहेरच्या हवेचा दाब सुमारे दीड पीएसआयने उतरतो, म्हणजे आतला ताण तितकाच वाढतो. सपाटीवर बरोबर भरलेली ट्यूब वर पोचेपर्यंत जास्त भरलेली होते.

बोटीत जागा नाही म्हणून पुढच्या टोकावर बांधणं

सोळा-अठरा फुटांच्या बोटीत चार माणसं, लाइफ जॅकेट, पाण्याचा जार आणि पेट्रोल ठेवलं की ट्यूबला जागा उरत नाही, हे खरंच. मग ती पुढच्या टोकावर उभी करतात. चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही. हतनूर धरणाच्या किंवा उकाई धरणाच्या नवापूरकडच्या फुगवट्यात मासेमारांच्या जाळ्यांचे थर्माकोलचे तरंगते तुकडे आणि छोट्या होड्या कुठेही असतात. त्या वेळेवर दिसल्याच पाहिजेत. शिवाय बोटीने वेग घेतला की पुढची ट्यूब वाऱ्याने वर उचलते आणि सरळ चालकाच्या तोंडावर येते.

मागे, इंजिनजवळ ठेवली तर वेगळी आफत. सैल पट्टा पाण्यात लोंबतो आणि पंख्यात जातो.

अंतर लांब असेल तर हवा काढायलाच हवी. एका खाडीतून पलीकडच्या काठापर्यंत एवढंच जायचं असेल तर ट्यूब आडवी ठेवा, मधल्या भागात. ती दोन हँडलांना बांधून भागत नाही, कारण हँडल माणसाच्या हातासाठी असतात, बोटीच्या धक्क्यांसाठी नसतात. रुंद पट्टा ट्यूबवरून फिरवून बोटीच्या दोन्ही कडांच्या कड्यांना बांधा. पट्टा घट्ट आवळू नका, नाहीतर उन्हाने फुगलेली ट्यूब तिथेच कापली जाते. कड्याला धार असेल तर मध्ये जुनं फडकं घाला. आणि बोट हळू न्या.

चालत्या बोटीत ठेवलेल्या ट्यूबवर मुलांना बसवणारे लोकही असतात. “काही व्हत नही,” म्हणतात. एका लाटेला मूल ट्यूबसकट बाहेर फेकलं जातं, आणि ते पडतं इंजिनाच्या बाजूला. हे अजिबात चालवून घेऊ नका, पाहुणे कितीही मोठे असोत.

रिकामी ट्यूब मागे बांधून वेगात परत येणं हीसुद्धा ने-आणच आहे. वजन नसलेली ट्यूब वाऱ्याला उलटते, हवेत उडते, पुन्हा पाण्यावर आपटते, आणि प्रत्येक आपटण्याचा झटका दोराच्या पट्ट्याला बसतो. रिकामी ट्यूब ओढायची तर चालण्याच्या वेगाने.

हरवलेल्या दोराच्या जागी हार्डवेअरचा दोर

ट्यूबचा दोर हरवला की बाजारातून शेतीकामाचा नायलॉनचा दोर आणतात. जाडी बरी दिसते म्हणून खात्री वाटते. पण नायलॉन ताणला की लांबतो, आणि तुटला किंवा हुक निसटला की चाबकासारखा मागे येतो. शिवाय तो बुडतो, म्हणजे सैल पडला की पंख्याकडे जातो. ट्यूबसाठीचा दोर पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, तो तरंगतो.

ताकदीचे आकडे आपल्याकडे कोणी विचारत नाही, पण विचारायला हवेत. अमेरिकेतल्या वॉटर स्पोर्ट्स इंडस्ट्री असोसिएशनने ठरवल्याप्रमाणे एका माणसाच्या ट्यूबला किमान १,५०० पौंड, दोघांच्या २,३७५, तिघांच्या ३,३५० आणि चौघांच्या ट्यूबला ४,१०० पौंड ताकदीचा दोर लागतो. किलोत सांगायचं तर एकाला सुमारे ६८०, चौघांना १,८६०. लांबी ५० ते ६५ फूट. पाण्यावर स्की करायचा दोर ट्यूबला वापरू नका, तो एका माणसाच्या ओढीसाठी असतो.

दोर ठेवतानाही तो उन्हात सोडू नका. उन्हाने प्लास्टिकचा दोर पांढुरका पडतो, हाताला कूस लागते, धागे टोचतात. असा दोर कितीही जाड दिसला तरी बाद करा. मध्ये गाठ पडलेला दोरही नको, गाठीपाशी त्याची ताकद बरीच घटते.

गाळासकट गुंडाळणं

हतनूरच्या फुगवट्यात चांगदेवजवळ तापी आणि पूर्णा मिळतात. दोन्ही नद्या गाळ आणतात आणि तो बारीक, पिठासारखा असतो. पाणी कव्हरच्या झिपमधून आत जातं आणि गाळ कव्हर व ब्लॅडरच्या मधे बसतो. बाहेरून ट्यूब स्वच्छ दिसते. पुढच्या वेळी हवा भरून उड्या मारल्या की तो गाळ पॉलिश पेपरचं काम करतो. ब्लॅडरवर आधी धुरकट पट्टा दिसतो, मग तिथून बारीक हवा जाऊ लागते.

म्हणून हंगामात अधूनमधून झिप उघडून ब्लॅडर बाहेर काढा. कव्हर उलटं करून साध्या पाण्याने धुवा, कोपरे आणि शिवणी बोटांनी चाचपा. साबण लागलाच तर अगदी सौम्य, आणि तोही घरी. वाघूरचं पाणी जळगाव शहर पितं, तेव्हा धरणाच्या काठावर साबण नको. पेट्रोल किंवा थिनरने डाग काढू नका, पीव्हीसीतला मऊपणा निघून जातो आणि तो भाग कडक होऊन तडकतो. याच कारणाने बोटीच्या कप्प्यात पेट्रोलचा कॅन आणि ट्यूब शेजारी नकोत.

सुकवायचं सावलीत, वाऱ्यावर. गच्चीच्या तापलेल्या कोब्यावर किंवा पत्र्यावर पसरलं तर लवकर सुकेल, पण ब्लॅडर आणि कव्हर दोन्ही भाजून निघतात. पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळलेल्या ट्यूबला पावसाळ्यात आठवड्याभरात बुरशीचा वास येतो.

पॅच लावला, तरी पुन्हा तिथेच पंक्चर

हा प्रश्न आपल्याकडे फार येतो, कारण धरणांच्या काठाला वेडी बाभूळ माजलेली आहे. ट्यूब काठावरून ओढत नेली की काटा कव्हरमधून आत शिरतो आणि त्याचं टोक तुटून कापडातच राहतं. ब्लॅडरला पॅच लावून पुन्हा भरलं की तेच टोक शेजारी नवं भोक पाडतं.

हाताने चाचपून ते सापडत नाही. कव्हर उलटं करा आणि कापसाचा बोळा आतून हलकेच फिरवा. जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे काटा आहे. चिमट्याने बाहेर ओढा. सगळं कव्हर असं फिरून झाल्यावरच पॅचकडे वळा.

पॅच लावताना सायकलच्या ट्यूबचं सोल्यूशन चालत नाही. ते रबरासाठी असतं, पीव्हीसीवर दोन दिवसांत सुटतं. झटपट चिकटणारा डिंक लावला तर तो कडक होतो आणि ट्यूब वाकली की तडकतो. पीव्हीसीचाच पॅच, पीव्हीसीचाच गोंद घ्या. जागा स्पिरिटने पुसा, पॅचचे कोपरे गोल कापा, लावल्यावर वर सपाट वजन ठेवा आणि २४ तास हवा भरू नका. भोक सापडत नसेल तर साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हवर टाका. बऱ्याचदा व्हॉल्व्हच्या गादीत वाळूचा एक कण असतो आणि तो पुसला की प्रश्न संपतो.

वर्षभर ठेवायची जागा

पत्र्याच्या शेडचा माळा नको. घरातली खालची, मातीच्या भिंतीची किंवा उत्तरेकडची खोली बरी. जमिनीपासून वर, लाकडी फळीवर ठेवा आणि सैल गुंडाळा. कडक घड्या घातल्या तर त्याच रेषांवर ब्लॅडर चिरतो. वर पोती किंवा बॅटरी ठेवू नका. धान्य आणि सरकी ठेवलेल्या गोदामात उंदीर असणारच, तिथे झाकणाचा पत्र्याचा पिंप वापरा. थंडीत धुळ्याला पारा दहाच्या खाली जातो तेव्हा पहाटे ट्यूब उलगडायची घाई नको. गार पीव्हीसी ताठ असतो, थोडं ऊन चढू द्या.

दर हंगामाच्या सुरुवातीला दोर जोडायच्या पट्ट्याचे टाके मोजल्यासारखे पाहा. ब्लॅडर बदलता येतो, पॅच लावता येतो, झिप शिवून घेता येते. पण पट्ट्याच्या मुळाशी टाके सुटले असतील किंवा तिथलं कापड विरलं असेल, तर चर्मकाराकडून शिवून घेतलेली ट्यूबही माणसं बसवायला नको, कारण इंजिनाचा सगळा ओढा तिथेच येतो. अशी ट्यूब भंगारात देण्याआधी तो पट्टा कापून टाका, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या बोटीमागे बांधली जाणार नाही.