समोरच्याच्या चाली संपवायच्या कशा: शंभर घरांच्या ड्राफ्ट्समधली कोंडी

बुद्धिबळ खेळून आलेल्या माणसाला आंतरराष्ट्रीय ड्राफ्ट्स शिकवताना एक गोष्ट आधी डोक्यातून काढावी लागते. बुद्धिबळात शह नसताना समोरच्याला एकही चाल उरली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. इथे ज्याला चाल उरली नाही तो हरला, मग पटावर त्याच्या आठ सोंगट्या धडधाकट उभ्या का असेनात. मी मूळची सांगलीची, बुद्धिबळाच्या गावची, त्यामुळे हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला फारच आवडला. आता नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या क्लबात नवीन कोणी आलं की त्याला मी कोंडीच आधी दाखवते. सोंगट्या धडाधड मारायचे डाव दिसायला देखणे असतात, ते मागाहून शिकता येतात.

पट समोर घ्या. दहा बाय दहा, खेळ फक्त काळ्या घरांवर, म्हणजे ५० घरं. क्रमांक वरून खाली, डावीकडून उजवीकडे: पांढऱ्याच्या बाजूने पाहिलं तर डावीकडचा खालचा कोपरा ४६, उजवीकडचा वरचा ५. काळ्या सोंगट्या १ ते २०, पांढऱ्या ३१ ते ५०, पहिली चाल पांढऱ्याची. साधी सोंगटी पुढेच चालते, पण मारताना मागेही मारते. मारणं सक्तीचं, आणि दोन-तीन पर्याय असतील तर जास्तीत जास्त सोंगट्या जिथे मिळतात तेच मारावं लागतं. ही सक्ती लक्षात ठेवा. कोंडी जमते तीही तिच्यामुळे आणि फुटते तीही तिच्यामुळेच.

सोंगटी अडकते दोन प्रकारे. एक, तिच्यापुढची घरं भरलेली असतात आणि तिला हलताच येत नाही. दुसरा, घर रिकामं असतं पण तिथे गेलं की मार बसतो. दुसऱ्याचं सगळ्यात साधं उदाहरण उजव्या कडेवर आहे: पांढरी २५वर, काळी १५वर. काळ्याला १५-२० एवढीच चाल, आणि ती केली की २५×१४, म्हणजे २५ची सोंगटी २०वरून तिरकी उडी घेऊन, तिला मारून १४वर. मात्र काळ्याची आणखी एक सोंगटी ९ किंवा १०वर असेल तर तो उलट मारतो आणि हिशोब फिटतो. म्हणून "अडकली आहे" असं म्हणण्याआधी अडकलेल्या सोंगटीच्या मागे काय आहे ते बघायचं. नवशिक्यांचं लक्ष पुढच्या घरावर असतं, मागच्या दोन घरांवर नसतं.

आता खरी कोंडी. पांढरे २७, ३२, ३७. काळे १६, २१, २६. एवढंच मांडा आणि जरा वेळ नुसतं बघा.

काळ्याची १६ हलू शकत नाही, पुढे स्वतःचीच २१ आहे. २१च्या पुढे एका बाजूला स्वतःची २६, दुसऱ्या बाजूला पांढरी २७. २७ला मारावं म्हटलं तर पलीकडचं ३२ भरलेलं. राहिली २६. तिला ३१ मोकळं आहे, पण २६-३१ केलं की ३७ ची सोंगटी ३१ मारून २६वर येते आणि तिथून २१ही मारून १७वर जाऊन बसते. लिहिताना ३७×१७, सोंगट्या दोन. म्हणजे काळ्याकडे तीन सोंगट्यांत मिळून एकच चाल, आणि तीही आत्मघाताची.

या तिघींत प्रत्येकीला काम आहे. २७ भिंत आहे, ३२ तिचा पाठीराखा, आणि ३७ ही ३१ च्या वाटेवर टपून बसलेली. एखादी काढून बघा, कोंडी लगेच ढासळते.

डावात ही स्थिती येते कशी? बहुतेक वेळा काळा स्वतःच मदत करतो. १६-२१, २१-२६ करत कडेला जायची हौस पुष्कळांना असते. कडेवरची सोंगटी मारता येत नाही हे खरं, पण तिला पुढे एकच घर असतं हे ते विसरतात. काळ्याची एक २६वर पोचली, दुसरी २१वर आली, की ३१-२७ करायचं. ३२ आणि ३७ तर सुरुवातीपासूनच जागेवर असतात, फक्त त्यांना उगाच हलवलेलं नसावं. आता १६ रिकामं असेल तर २७×१६ ची धमकी उभी राहते. काळा बिचारा ११-१६ करून आधार देतो, आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं. आमच्या क्लबातले एक आजोबा अशा वेळी सोंगटी १६वर ठेवतात, बोट तिच्यावर तसंच ठेवून एकदा माझ्याकडे बघतात, मग घड्याळ दाबतात. बोट काढायच्या आधी त्यांना कळलेलं असतं.

पण थांबा. तीन सोंगट्यांनी तीन सोंगट्या अडवल्या, यात अजून काहीच जिंकलेलं नाही. तुमच्याही तीन सोंगट्या तिथे खिळल्या आहेत. पहारेकऱ्यालाही तुरुंगातच राहावं लागतं. डाव ठरतो तो पटाच्या दुसऱ्या बाजूला, मोकळ्या चाली आधी कोणाच्या संपतात त्यावर. कोंडी करायला सगळे उत्साहाने शिकतात, मोजायला मात्र कंटाळतात.

तर मोजू. त्याच कोंडीत उजवीकडे पांढरी ३५ आणि काळी १० घाला. चाल पांढऱ्याची. ३५-३० करा. काळ्याला आता १० हलवावी लागणार. त्याने १०-१४ केलं तर ३०-२४, १०-१५ केलं तर ३०-२५. दोन्ही वेळा तुमची सोंगटी त्याच्या अगदी समोर, एक ओळ सोडून उभी. १४-१९ ला २४×१३, १४-२० ला २४×१५, १५-२० ला २५×१४. ती गेली की काळ्याकडे उरतं फक्त २६-३१, त्यावर ३७×१७, मग १६-२१ आणि शेवटचीही जाते. पांढऱ्याने एकही सोंगटी न गमावता पट रिकामा.

यातला मोजमापाचा भाग असा: समोरासमोरच्या दोन मोकळ्या सोंगट्यांमध्ये रिकाम्या ओळी किती ते बघा. सम असतील तर ज्याची चाल त्याचा फायदा, विषम असतील तर चाल असणं हाच तोटा. वरच्या उदाहरणात ३५ सातव्या ओळीत, १० दुसऱ्या ओळीत, मध्ये चार ओळी, चाल पांढऱ्याची. बरोबर बसलं.

कडेपाशी हा नियम फसेल असं वाटतं. समजा पांढरी ३०, काळी २० आणि चाल काळ्याची. २०-२४ ला ३०×१९, ते सरळ आहे. पण २०-२५ करून तो निसटला तर? शिवाय आता २५×३४ ची धमकीही आहे. शांतपणे ३०-२४ करा. त्याला पुढे फक्त २५-३०, आणि त्यावर २४×३५, मागे मारून. बुद्धिबळातून आलेल्यांना मागे मारणं शेवटपर्यंत दिसत नाही.

आता एक कोडं. तीच कोंडी, उजवीकडे पांढरी २४, काळी १४, पण या वेळी चाल पांढऱ्याची. मध्ये एकच ओळ, म्हणजे विषम, म्हणजे पांढरा अडचणीत. त्याच्याकडे एकूण पाच चाली आहेत. २४-१९ ला १४×२३. २४-२० ला १४×२५. ३२-२८ केलं तर २१ची सोंगटी २७ आणि मग ३७ मारून ४१वर जाते. ३७-३१ केलं तर २६ची सोंगटी ३१ आणि ३२ मारून २८वर येते. पहिल्या दोन चालींत एक सोंगटी जाते, पुढच्या दोन चालींत दोन. राहिली २७-२२.

२७-२२! भिंतच काढून घ्यायची. हात धजत नाही, पण बघा. काळ्याने मोकळी झालेली वाट धरून २१-२७ केलं तर २२×३१, मागे मारून. त्या सोंगटीला २६ मारू शकत नाही, कारण ३७ भरलेलं आहे. २६-३१ ला अजूनही ३७×१७, दोन. १४ हलली की ती जाते. १६ हलतच नाही. काळ्याची प्रत्येक चाल काहीतरी देऊन बसते. कोंडीच्या पोटातच एक राखीव चाल दडलेली होती. तुमच्या कोंडीत अशी चाल आहे का, हे आधीच तपासून ठेवावं. हिशोब उलटा लागला तर तीच कामाला येते.

राखीव चालींचा दुसरा साठा म्हणजे मागच्या ओळीतल्या सोंगट्या. ४७, ४८ वगैरे शेवटच्या ओळीतल्या सोंगट्या कोंडीच्या डावात घाईने पुढे आणू नका. समोरच्याच्या मागच्या सोंगट्या संपल्या आणि तुमच्या दोन उरल्या, तर ओळी सम की विषम हे तुम्हाला हवं तेव्हा बदलता येतं. मी डावाच्या मध्यावर, घड्याळ समोरच्याचं चालू असताना, दोन्हीकडच्या अशा फुकटच्या चाली मोजते. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

आता दुसऱ्या बाजूने: तुमचीच कोंडी झाली असेल तर? सक्तीच्या मारामारीचा उपयोग करा. वरच्याच कोंडीत काळ्याची एक जादा सोंगटी १७वर आहे असं धरा. काळा १७-२२ देतो. पांढऱ्याला २७×१८ मारावंच लागतं, आणि भिंत आपल्या पायांनी चालत निघून जाते. मग २१-२७, पुन्हा सक्ती, ३२×२१, आणि १६×२७. काळ्याच्या चार आणि पांढऱ्याच्या तीन होत्या, आता दोन-दोन. काळ्याने एक सोंगटी जास्त खर्च केली, पण २६ आणि २७ मोकळ्या आहेत आणि शेवटच्या ओळीत पोचून राजा होण्याच्या वाटेवर आहेत. अडकलेल्या तीन सोंगट्या कुजत ठेवण्यापेक्षा हा सौदा कधीही बरा.

म्हणून कोंडी करणाऱ्याने १७ कडे येणाऱ्या सोंगटीवर नजर ठेवायची आणि शक्यतो २८वर स्वतःची एक सोंगटी ठेवायची. मग १७-२२ ला निवड तुमच्या हातात येते: २८×१७, त्यावर काळ्याला २१×१२ मारावं लागतं, एकास एक. २७ मात्र जागची हलत नाही. १६-२१ केलं तर २७×१६, आणि २६ची वाट अजूनही तुमच्याच ताब्यात. कोंडी लहान झाली, पण आहे.

हे सगळं वाचून समजत नाही, हाताने करावं लागतं. लिड्राफ्ट्स या मोफत संकेतस्थळावर हवी ती स्थिती मांडता येते आणि संगणकाविरुद्ध खेळता येते. त्यात आधी काळ्या बाजूने बसा, गुदमरणं अनुभवा. मोठ्या खेळाडूंचे डाव बघायचे तर टॉन साइब्रांड्सचे बघा. ॲमस्टरडॅमचा, १९७२ साली विश्वविजेता झालेला. 'द फोल्क्सक्रांट' या वर्तमानपत्रात तो सदर लिहायचा. माझं डच बेताचंच होतं तेव्हाही ते सदर कळायचं, कारण अर्धा मजकूर आकडेच असायचे.

घरी मांडायला शेवटची स्थिती देते. पांढरे २७, ३२, ३७ आणि ४०. काळे १६, २१, २६ आणि ५. चाल पांढऱ्याची. ४० आठव्या ओळीत, ५ पहिल्या ओळीत, मध्ये सहा ओळी, म्हणजे फायदा तुमचा. ४०-३५ किंवा ४०-३४, दोन्ही चालतात, कारण काळ्याला ५-१० शिवाय गत नाही आणि मग ३० गाठता येतं. ते जमलं की काळी सोंगटी ५ ऐवजी ४वर ठेवा. आता तिला ९ आणि १० अशा दोन वाटा आहेत, त्यामुळे पहिली चाल ४०-३४ करा: ती ९वर गेली तर २९, १०वर गेली तर ३०.