थकलेल्या कामांची लाल यादी कशी काढून टाकली

मालवणात होमस्टे चालवणाऱ्या बायकांसाठी मी कामांच्या नियोजनाचं अ‍ॅप बनवतोय. पावसात लाइट गेली, दोन दिवस काही हललं नाही, की राहिलेलं सगळं लाल होऊन वर यायचं. शेजारच्या काकी म्हणाल्या, "माका तां उघडूकच भंय वाटता."

रंग बदलून भागलं नाही. शेवटी 'मुदत संपली' ही नोंदच डेटाबेसमधून काढली. आता मध्यरात्री उरलेली कामं 'मागाहून' या कप्प्यात जातात आणि सकाळी अ‍ॅप एवढंच विचारतं: आज यातलं काय?

पण कप्प्यात टाकलेलं काम डोक्यातून जात नाही. अर्धवट कामं जास्त लक्षात राहतात, हे मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झाइगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडलं होतं. २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की ते काम कधी, कसं करायचं हे नुसतं पक्कं ठरवलं तरी टोचणी कमी होते. म्हणून पुढे ढकलताना अ‍ॅप 'कधी, कुठे' विचारतं. काकींनी लिहिलं: 'चादरी धुवायच्या, ऊन पडल्यावर, विहिरीकडे.' तारीख नाही, आणि कोकणातल्या जुलैत तेच बरोबर आहे.

सलग किती दिवस अ‍ॅप वापरलं याची मोजणीही काढून टाकली. अ‍ॅपमध्ये केलेली मनःस्थितीची नोंद फोनमध्येच राहते, सर्व्हरवर जात नाही. याबाबत मी तडजोड करणार नाही. खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचं १४४१६ हे बटण आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. काकी आता चहाबरोबर यादी उघडतात.