तेल्याच्या जिवाणूतील जनुकीय विविधता कशी तपासावी

डाळिंबावरील तेल्या रोग ज्या झँथोमोनास जिवाणूमुळे होतो, त्याचे ठिकठिकाणचे स्ट्रेन (एकाच जिवाणूचे उपप्रकार) एकच आहेत की वेगवेगळे, हे प्रयोगशाळेत कळते असे आपण धरून चालतो. पण त्याचे निम्मे उत्तर बागेतच ठरते. डाळिंबाची लागवड मुख्यतः गुटी कलमांनी होते आणि रोग रोपांबरोबर गावोगाव जातो. सांगोला, आटपाडी आणि सटाणा येथील बागांची रोपे एकाच रोपवाटिकेतून आली असतील, तर तीन तालुक्यांतले नमुने मुळात एकच स्ट्रेन असू शकतात. म्हणून प्रत्येक पाकिटावर गाव, तारीख, वाण आणि बहार यांच्याबरोबरच रोपे कुठून आणली व शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली, हेही पेन्सिलीने लिहावे. ओलसर पाकिटावर शाई फुटते.

मृग बहारातील दमट हवेत ताजे डाग भरपूर मिळतात. पान उजेडासमोर धरल्यावर ज्यांच्याभोवती पाणी शोषल्यासारखे तेलकट वलय दिसते, तेच डाग निवडावेत. फळावरील तडकलेल्या जुन्या डागांत इतर बुरशी आणि जिवाणू शिरलेले असतात.

डागाच्या कडेचा बारीक तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. कापलेल्या कडेतून धुरासारखा जिवाणूंचा लोट वाहताना दिसला, तरच पुढे जावे. त्याच डागाचा दुसरा तुकडा १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये सुमारे १ मिनिट बुडवून निर्जंतुक पाण्याने ३ वेळा धुवावा, निर्जंतुक पाण्याच्या थेंबात कुस्करावा आणि तो द्रव न्यूट्रिएंट अगर या जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर रेघांनी पसरावा. २८ अंश सेल्सिअसला साधारण ३ दिवसांत पिवळ्या, चकचकीत, बुळबुळीत वसाहती दिसू लागतात. मात्र पिवळी वसाहत तेल्याचीच असते असे नाही, कारण पानांवर निरुपद्रवी पिवळे जिवाणूही राहतात. एकाच वसाहतीतून शुद्ध केलेला जिवाणू निरोगी रोपावर टोचून डाग येतात का, हे पाहिल्याशिवाय त्याला अभ्यासात घेऊ नये. पात्र ठरलेले स्ट्रेन ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर साठवावेत.

पहिल्या चाळणीसाठी बॉक्स, एरिक आणि रेप या प्रायमरांनी (डीएनएतील ठरावीक जागी चिकटणाऱ्या छोट्या तुकड्यांनी) केलेले पीसीआर, म्हणजे डीएनएच्या निवडक भागांच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत, पुरेसे आहे. या प्रती जेलवर पट्ट्यांच्या रूपात दिसतात. प्रत्येक स्ट्रेनचा डीएनए दोनदा स्वतंत्रपणे काढावा, डीएनए नसलेली एक नळी सोबत चालवावी आणि दोन्ही वेळा उमटलेला पट्टाच १ आणि नसलेला ० असा मोजावा. पुसट पट्टा मोजण्याचा मोह आवरावा. बरीचशी खोटी विविधता तिथेच जन्म घेते. या १-० च्या तक्त्यातून साम्य-गुणांक (दोन स्ट्रेन किती सारखे आहेत याचे माप) काढून वंशवृक्ष तयार करावा.

सर्व पट्टे सारखेच आले, तर विविधता नाही असा निष्कर्ष लगेच काढू नये. या जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, सुमारे ५० लाख बेस जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचा) आहे आणि जेलवर त्यातला अगदी थोडा भाग दिसतो. अशा वेळी जायर-बी, आरपीओ-डी यांसारख्या जनुकांचे अनुक्रम (डीएनएच्या अक्षरांचा क्रम) पाहावेत आणि तेही सारखे निघाले, तर संपूर्ण जीनोमची तुलना करावी. भारतात या रोगाची नोंद १९५२ मध्ये झाली असली, तरी महाराष्ट्रात त्याचा मोठा उद्रेक २००० नंतरचा आहे. थोड्या काळात रोपांमधून पसरलेल्या जिवाणूत फरक कमी असणे स्वाभाविक आहे.

वंशवृक्षाच्या फांद्या आधी रोपवाटिकेनुसार रंगवाव्यात आणि मगच तालुक्यानुसार. नव्या वाणाची रोगप्रतिकारशक्ती तपासताना प्रत्येक फांदीतील किमान एक स्ट्रेन टोचावा.