सुरुंगाशिवाय कातळ फोडणं: कयाकच्या वाटेसाठी क्रॅक पावडर

मुळशी-वेल्ह्याकडच्या नद्यांत कयाकसाठी, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, हलक्या होडीसाठी, वाट करायची तर आडवा येतो तो काळा बेसाल्ट. सुरुंगाला परवानाधारक ब्लास्टर लागतो, शिवाय वस्तीजवळ दगड उडण्याची धास्ती. दोन-चार धोंडे किंवा एखादी कड उतरवायची असेल तर क्रॅक पावडर पुरते. मूळचा चुनाच तो. पाणी मिळालं की भोकात फुगतो आणि कातळ तडकवतो. पात्रात हात घालायला जलसंपदा विभागाची परवानगी मात्र लागतेच.

काय फोडायचं ते पाणी वाहत असतानाच ठरवा. कोरड्या पात्रात सगळेच दगड गरीब दिसतात. खालून पोखरलेला कातळ आणि पाणी जाईल पण माणूस अडकेल अशी फट, ही दोन कामं पहिली. ज्या धोंड्यामागे संथ पाणी साचतं त्याला हात लावू नका, कयाक तिथेच विसावते. पात्रभर सरळ, एकसारखी पायरी तर मुळीच कापू नका. तिच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि होडीला सोडत नाही. मधे खाच घेऊन पाण्याची जीभ बाहेर पडू द्या.

भोकं ३८ मिमीची, एकमेकांपासून ३० ते ४० सेंमीवर. सुट्या धोंड्यात खोली त्याच्या उंचीच्या ८० टक्के. कातळाला एका बाजूने मोकळी जागा हवी, नाहीतर तो सरकणार कुठे? म्हणून मोकळ्या कडेजवळची ओळ आधी भरा, ती तडकली की मागची. कंप्रेसरने भोकातली भुकटी आणि पाणी उडवून घ्या. बेसाल्टला सांधे, म्हणजे नैसर्गिक भेगा, फार. मिश्रण झिरपत असेल तर आत पातळ प्लॅस्टिकची नळी सरकवा.

५ किलो पावडरला दीड लिटर थंड पाणी. एवढ्यात साधारण अडीच मीटर भोक भरतं. कालवल्यापासून पाच-दहा मिनिटांत ओता. पाणी वाढवलंत तर जोर घटतो, आणि हा घोळ मजूर हमखास घालतात, कारण पातळ मिश्रण ओतायला सोपं.

खरा धोका उन्हाचा. पावडर तापमानाप्रमाणे वेगवेगळ्या प्रकारांत मिळते, आणि प्रकार निवडायचा तो हवेच्या नव्हे, कातळाच्या तापमानावर. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या काळ्या दगडात थंडीची पावडर भरली तर ती बंदुकीसारखी वर उडते, डोळे जाऊ शकतात. उन्हाळ्यात संध्याकाळी भरा, वर ओलं गोणपाट टाका. गॉगल आणि रबरी हातमोजे घाला, भरल्यावर भोकावर वाकून बघू नका.

तडा बहुधा १२ ते २४ तासांत दिसतो. मग पहार आणि पोकलेनचा ब्रेकर. नव्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात, छिन्नीने मारून घ्या. उरलेला चुना गोळा करून बाहेर न्या. पाण्यात गेला तर मासे मरतात.