आधी कुत्र्यांची ओळख होऊ द्या

मी कोथरूडची. घरात बुंदी: 7 वर्षांची, गावठी, एक कान उभा, एक पडलेला. दोन स्थळं तिच्यामुळे गेली, तिसरं तिच्यामुळेच जमलं. कसं, ते मैत्रिणी सारखं विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

फिरायची वेळ आणि जागा बदलू नका. मी सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीवर. पंधरा दिवस तेच चेहरे दिसले की "काय, आज उशीर?" आपोआप सुरू होतं. टेकडीवर माणसांची नावं कुणाला ठाऊक नसतात. वर्षभर मी "बुंदीची आई" होते आणि तो "शेरूचे बाबा". पट्टा मात्र सोडू नका. तिथे मोर आहेत, आणि मोरामागे गेलेलं कुत्रं शोधताना केस विस्कटतात ते वेगळंच.

कुत्र्यांची गाठ समोरासमोर घालू नका. पट्टा ताणला की त्यांना वाटतं काहीतरी गडबड आहे, आणि गुरगुर सुरू. आठ-दहा पावलांचं अंतर ठेवून दोघांनी एकाच दिशेला चालायचं, हळूहळू जवळ यायचं. मग ती बाजूने येऊन हुंगतात. तीन-चार सेकंदांनी हाक मारून पुढे निघायचं. शेपूट हलते म्हणजे खूश असं नाही, अंग ताठ असेल तर लांबच बरं. आणि शेजारून चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. माझ्यासारख्या बुजऱ्या बाईला तेव्हाच बोलायला सुचतं.

बोलायचं कुत्र्यांबद्दलच. गोचिडांवर काय लावता, पावसाळ्यात पंजे कसे कोरडे करता. नंबर हवा असेल तर "तुमच्या डॉक्टरांचा नंबर पाठवाल का?" मी तसाच मिळवला. माझे डॉक्टर आधीच ठरलेले होते, हे त्याला साखरपुड्यानंतर सांगितलं.

या काळात डोळे उघडे ठेवा. तो शी उचलतो का? एप्रिलमध्ये भर उन्हात डांबरावरून चालवतो का? आपला पालथा हात रस्त्यावर सात सेकंद टेकवत नाही, तिथे पंजे भाजतात. चारचौघांत कुत्र्यावर खेकसणाऱ्याशी गोचिडांपलीकडे बोलू नका. घराचा पत्ता कुणालाच लगेच देऊ नका.

कुत्रं नसेल तर केवळ यासाठी आणू नका, ते दहा-पंधरा वर्षांचं काम आहे. एखाद्या निवाऱ्यात रविवारी मदतीला जा. पिंजरे धुताना माणूस बराच कळतो.

शेवटी घरी बोलवा. आधीच्या एका स्थळाने सोफ्यावर पाय वर घेऊन कांदेपोहे खाल्ले होते. हा आला, तर बुंदी त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बशीकडे बघत बसली. आई म्हणाली, "द्या हो तिला थोडे." तर हा म्हणतो, "नको काकू, कुत्र्यांना कांदा बाधतो, रक्तातल्या लाल पेशी फुटतात." आणि बशी उचलून फ्रिजवर ठेवली.

आई एकदम गप्प. दर रविवारी स्वयंपाकघराचं दार लोटून ती बुंदीला काय भरवायची, ते मला तेव्हा कळलं.