पुण्यस्मरणाचा मजकूर कसा लिहावा

पुण्यस्मरणाची जाहिरात किंवा पत्रिका करायला येणारा माणूस बहुतेक वेळा नुसता फोटो घेऊन येतो. मजकूर विचारला की म्हणतो, "तुमच्याकडं तयार असेल की ताई, तोच टाका." सोलापुरात नवी पेठेत मी 19 वर्षं डीटीपीचं काम करते. तयार मजकूर माझ्याकडं आहे. पण तो शक्यतो वापरू नका, आणि का ते खाली सांगते.

आधी शब्द ठरवा. आठवण आणि स्मरण यांचा अर्थ एकच वाटतो, पण बोलताना आपण त्यांची कामं वेगळी ठेवतो. आठवण येते, होते, कुणीतरी काढतं. "आठवणीनं गोळी घे" यात काळजी असते, "त्याची आठवणच बुजली" यात दुःख. स्मरण मात्र बहुधा ठरवून केलं जातं. नामस्मरणाला वेळ काढावा लागतो, आणि थकलेल्या बिलासाठी येतं ते स्मरणपत्र. म्हणून वर्षाच्या ठरलेल्या दिवशी चारचौघांना बोलावून करायचं ते पुण्यस्मरण. मथळ्यात हाच शब्द शोभतो. खालच्या दोन ओळींत मात्र आठवण येऊ द्या, कारण घरात आपण तोच शब्द बोलतो. बाकडं, पंखा, पाण्याची टाकी दिली असेल तर "यांच्या स्मरणार्थ" एवढं पुरतं.

आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतून कधीकधी "ज्ञापक" असा शब्द लिहून येतो. तेलुगूत आणि कन्नडमध्येही त्याचा अर्थ आठवण असाच आहे, पण मराठीत ज्ञापक म्हणजे कळवणारा. मराठी मजकुरात तो बदलून घ्यावा. कन्नड बोलणाऱ्या घरातली आजी "नेनपु" म्हणते, तो शब्द मला फार आवडतो. कुटुंबाची इच्छा असेल तर फोटोखाली त्यांच्या भाषेत एक ओळ मी आनंदानं लावून देते.

नावाआधी काय लावायचं हे घरच्यांना विचारा, आपल्या सवयीनं कै. ठोकू नका. वारकरी घरात वै. म्हणजे वैकुंठवासी लिहितात, लिंगायत घरात लिंगैक्य, मुस्लिम घरात मरहूम, बाईच्या नावाआधी मरहूमा. बौद्ध घरात कालकथित लिहितात, आणि कार्यक्रमाला पुण्यानुमोदन म्हणतात. सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्या नावांआधी मात्र चौघांनाही एकच शब्द लागतो, हुतात्मा. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात त्यांना फाशी दिली. त्याच तारखेला राजमाता जिजाऊंची आणि स्वामी विवेकानंदांची जयंती असते, त्यामुळं एकाच फलकावर सगळी नावं घालण्याची मागणी येते. अशा वेळी जयंती आणि स्मृतिदिन हे शब्द ज्याच्या त्याच्या नावाखाली वेगळे लिहायचे. "भावपूर्ण श्रद्धांजली" जयंतीच्या फलकावर कधीच नको. "विनम्र अभिवादन" दोन्हीकडं चालतं.

वर्षाची मोजणी नीट करा. माणूस 2024 मध्ये गेला असेल तर 2025 मध्ये प्रथम पुण्यस्मरण, 2026 मध्ये द्वितीय. तिथीनं करणार असाल तर तसं लिहा, कारण तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते आणि लांबचे पाहुणे तारीख पाहून गाडी धरतात.

आता मुख्य मजकूर. माझे बाबा चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, होते. त्यांच्या प्रथम पुण्यस्मरणाला माझ्या हातून तयार फाइलच गेली: "प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख." बाबा दिवसात दहा वाक्यं बोलत नसत. आईला मी ते वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हे कुणाचं लिहिलंस गं?" तोवर अंक छापून झाला होता. ते मला अजून लागतं. पुढच्या वर्षी लिहिलं: "वीस मागांच्या खडखडाटात कुठल्या मागावर धागा तुटला, हे त्यांना आवाजावरून कळायचं." त्यांच्याबरोबर काम केलेले दोन म्हातारे अंक घेऊन घरी आले आणि तासभर बाबांबद्दल बोलत बसले.

म्हणून मी गिऱ्हाइकाला गुण विचारत नाही. "आठवण कशानं येते?" असं विचारते आणि गप्प बसते. एक आजोबा म्हणाले होते, "हिची लई आठवण यायलीय," आणि पुढं काही बोलेनात. बऱ्याच वेळानं म्हणाले, दुपारी शेंगाचटणी कुटायची तेव्हा बोळातली पोरं उंबऱ्यावर येऊन बसायची, प्रत्येकाला कडक भाकरीचा तुकडा मिळायचा. तेच जसंच्या तसं लिहिलं. थोरल्या मुलाला जाहिरातीत चटणी पटेना. आजोबांनी ओळ काढू दिली नाही.

ओळी दोन पुरेत, तीन फार झाल्या. "क्रूर काळाने घाला घातला" पहिल्या दिवसांत ठीक, सातव्या वर्षी नको. नातवंडांची नावं वाढली की मजकूर बारीक होतो आणि ज्यांचं स्मरण करायचं त्यांचंच नाव दबतं. त्यांचं नाव सगळ्यात मोठं ठेवा.

शुद्धलेखनात तीन जागा सांभाळा. स्मृती शब्द सुटा दीर्घ, पण समासात ऱ्हस्व: स्मृतिदिन, स्मृतिचिन्ह. "स्मृतीस अभिवादन" यात पुन्हा दीर्घ. आणि "स्मृतिप्रीत्यर्थ" मधला प्री दीर्घ.

शेवटचं प्रूफ घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा, वाचता येत असलं तरी. मगच छपाईला सोडा.